वकट, लेंड, मुंड: शेतातल्या खेळात लपलेला इतिहास

आजचा भाग बॅट-बॉलचा आहे, पण स्टेडियममधल्या नाही. शेतात भाकरी खाऊन झाल्यावर, मोठी माणसं झाडाखाली आडवी झाली की पोरंसोरं जे खेळतात, त्या खेळाचा.

आमच्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाई, परळी, केज या लातूरकडच्या भागात असा हक्काचा दिवस म्हणजे येळवस, अर्थात वेळा अमावस्या. मार्गशीर्षातली ही अमावस्या डिसेंबर-जानेवारीत येते. रानात कडब्याची कोप उभारतात, पूजा होते, मग भज्जी, आंबील आणि भाकरी. पाहुणे, शेजारी, सगळे रानात. जेवणं उरकली की खेळ सुरू.

आता बहुतेक ठिकाणी टेनिस बॉलचं क्रिकेट असतं. साहजिकच आहे. ६ फेब्रुवारी २०२४ ला १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, २४५ चा पाठलाग करताना भारत ४ बाद ३२ असा अडकला होता, तेव्हा ९६ धावा काढणारा सचिन धस बीडचाच! पण क्रिकेटच्या आधी काय होतं?

चेंडू आणि फळी तेव्हाही होती. सतराव्या शतकातल्या तुकोबांच्या गाथेत खेळांवरचे अभंग आहेत. त्यांत हुतुतू आहे, विटूदांडू आहे आणि चेंडूफळीसुद्धा आहे. पुढे क्रिकेटलाही मराठीत चेंडूफळी म्हटलं गेलं. मुंबईत पारशांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला १८४८ मध्ये, म्हणजे आपला शब्द त्याच्या दोनशे वर्षं आधीचा.

पण माझा आवडता मुद्दा विटी-दांडूचा. यात विटी जिथे पडते तिथपर्यंतचं अंतर दांडूनेच मोजतात, आणि मोजणी अशी: वकट, लेंड, मुंड, नाल, आर, डोळा, झकू. सात झाले की पुन्हा वकट. मोजणी ज्या शब्दावर थांबते त्यावरून पुढचा टोला कसा मारायचा ते ठरतं. डोळा आला तर मान मागे टाकून विटी डोळ्यावर ठेवायची आणि तिथून उडवून मारायची. समजा अंतर भरलं सतरा दांडू. सात-सातच्या दोन फेऱ्या झाल्या, उरले तीन, म्हणजे मुंड. आम्ही इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ज्याला मॉड्युलो म्हणून घोकलं, ते शाळेत न गेलेली माणसंही रानात आरामात करत होती.

आता हे शब्द बघा. तेलुगूत एक म्हणजे ओकटि, दोन रेंडु, तीन मूडु, चार नालुगु. वकट, लेंड, मुंड, नाल! आणि आर? तेलुगू आणि कन्नड दोन्हींत आरु म्हणजे सहा. आपल्याकडे तो पाचव्या जागी बसलाय. गावागणिक शब्द थोडे बदलतात, पण चाल तीच.

लगेच वाटेल, बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, तिथून आलं असेल. सप्टेंबर १९४८ पर्यंत होतं, हे खरंच. पण हीच मोजणी पुण्याकडेही ऐकू येते, आणि तो भाग निजामाचा नव्हता. म्हणजे गोष्ट नुसत्या निजामाशी संपत नाही. आपल्याच धर्मापुरीचं केदारेश्वर मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. त्यांची राजधानी म्हणजे आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण. या मातीत भाषांची ये-जा शेकडो वर्षांची आहे. राज्यांच्या सीमा १९५६ आणि १९६० मध्ये आखल्या गेल्या. पोरांच्या मोजणीला त्या कधी कळल्याच नाहीत.

ही ये-जा आजही थांबलेली नाही, फक्त तिचं कारण कडू आहे. दसऱ्यानंतर जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. येळवस नेमकी हंगामाच्या मधे येते. त्यामुळे कित्येक घरांतली कर्ती माणसं त्या दिवशी आपल्या रानात नसतातच, फडात असतात. मागे म्हातारी माणसं आणि काही लेकरं. ज्यांनी मोजणी शिकवायची आणि ज्यांनी शिकायची, ती एका रानात भेटतच नाहीत. खेळ मरतो तो मोबाइलमुळेच, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हेही मोजावं.

क्रिकेटची काळजी नको, त्याचे नियम छापलेले आहेत. विटी-दांडूची ही मोजणी माणसांच्या तोंडी आहे. म्हणून एक काम सांगतो. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, 'तुमच्याकडं वकटनंतर काय म्हणायचे?' मोबाइलवर रेकॉर्ड करा, गावाचं नाव सांगून ठेवा. आणि हो, आजीला नक्की विचारा. पोरींना दांडू मिळायचा का, हे तिच्याकडूनच कळेल.

मग एक बाभळीची फांदी तोडा आणि खेळून बघा. भेटू पुढच्या भागात!