ज्युनियर लीग

ज्युनियर लीग : आइस हॉकीत शाळा आणि कॉलेज यांच्यामधला टप्पा, खेळाडू साधारण 16 ते 20 वर्षांचे, बरेचसे घरापासून दूर, यजमान कुटुंबाकडे राहणारे. अशा मुलांची घालमेल कळण्यासाठी जुना नियम ध्यानात घ्यावा. कॅनडाच्या तीन प्रमुख ज्युनियर लीगांत भत्ता मिळे, एनएचएल या व्यावसायिक लीगशी करार झालेले खेळाडूही असत. म्हणून तिथे खेळलेल्याला अमेरिकी कॉलेज खेळांची संघटना एनसीएए व्यावसायिक मानी आणि अमेरिकी कॉलेज हॉकीचे दार त्याला बंद होई. केल मकार मात्र ही बंदी नसलेल्या अल्बर्टाच्या दुय्यम लीगमध्ये ब्रुक्स बँडिट्सकडून खेळून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात गेला. 2019 मध्ये त्याला कॉलेज हॉकीचा होबी बेकर पुरस्कार मिळाला. सोळाव्या वर्षीच एक वाट कायमची सोडायला लावणे अन्यायाचे होते. ही बंदी 1 ऑगस्ट 2025 पासून उठली.