ढिवरांची शाळा

प्रौढ शिक्षण म्हटलं की कंदिलाखाली पाटी धरून बसलेली मोठी माणसं आठवतात. 1855 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हापासून हे चित्र ओळखीचं आहे. सानगडीच्या परिसरात, भंडारा-गोंदियाच्या तलावांच्या मुलखात, मात्र वेगळंच घडलं. इथे मासेमारी करणारी माणसंच गुरुजी झाली.

हे तलाव गोंड राजवटीत प्रामुख्याने कोहळी समाजाने बांधले. पाळ, सांडवा, पाणी सोडायचं तुडूम, ही सारी विद्या बापाकडून लेकाकडे जाई. शेजारच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध हा त्यातला सर्वात नावाजलेला. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावच्या महसुलाची जमीनदारी, संपली, तलाव सरकारजमा झाले आणि गावाचा हात त्यावरून सुटत गेला. गाळ साचला, काठाने बेशरमची झुडपं माजली. बाहेरून आणलेलं रोहू-कतल्याचं बीज सोडण्यावर भर आला आणि स्थानिक मासळी घटत गेली. ढिवर या मासेमारी करणाऱ्या समाजाच्या सहकारी संस्था होत्या, पण जाळ्यात येणारं कमीच.

मनीष राजनकर आणि ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या स्वयंसेवी संस्थेने इथे शिकवायच्या आधी ऐकायचं ठरवलं. पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या ढिवरांना कोणती पाणवनस्पती कुठे उगवते, कोणता मासा कशाच्या आडोशाला अंडी घालतो, हे तोंडपाठ होतं. ही माहिती टिपून घेतली गेली. मग तलाव कोरडा असताना बेशरम मुळासकट उपटायची, तळ नांगरायचा आणि पाणी आलं की दुसऱ्या तलावातून आणलेल्या पाणवनस्पती हाताने रोवायच्या, असं काम गावकऱ्यांनी सुरू केलं. अर्जुनी-मोरगावच्या नवतलावात झालेल्या या कामातून दिसलं की वनस्पती आल्या की स्थानिक मासेही परततात.

संस्थेचं मोठेपण मला इथे दिसतं: तिने ढिवरांच्या ज्ञानाची नोंद केली आणि त्याला मान दिला. नंतर बायाही या कामात पुढे आल्या, मासेमारीच्या कारभारात बोलू लागल्या. हे शिक्षण कुठल्याही साक्षरता वर्गापेक्षा कमी नाही.

आता गाळ काढायला तलावात जेसीबी उतरतात. सगळा तळ सारखा खोल खणला, तर पाणवनस्पतींना लागणारा उथळ काठच उरत नाही. म्हणून तलावाचं काम मंजूर करणाऱ्यांनी अंदाजपत्रक करण्याआधी गावातल्या ढिवरांना पाळीवर बोलवावं आणि त्यांचं म्हणणं लिहून घ्यावं.