चरीचा संप आणि घरभाड्याची पावती

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी मीही चार ओळी लिहाव्या असा सर्व भगिनींचा आग्रह पडला. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे. इतिहास लिहिणे हे शिकल्यासवरल्या माणसांचे काम. पण माझ्या आजीच्या तोंडून लहानपणी एक हकीकत अनेकदा ऐकली आहे. ती आपल्याच जिल्ह्याची आहे आणि आपल्यापैकी ज्या भाड्याच्या घरात राहतात, त्यांच्या आजही उपयोगाची आहे. म्हणून हे धाडस करते.

माझे माहेर अलिबाग तालुक्यातले, पोयनाडच्या बाजूचे. आज आपण ज्याला रायगड जिल्हा म्हणतो त्याचे नाव १९८१ सालापर्यंत कुलाबा होते. त्या काळी आपल्याकडे खोती चाले. जमीन खोताची किंवा सावकाराची, आणि ती कसणारा तो कूळ. खाडीचे खारे पाणी अडविण्यासाठी बांध घालायचा कुळाने, चिखल तुडवायचा कुळाने, लावणी-कापणी करायची त्याच्या बायकापोरांनी. आणि भात खळ्यावर आले की निम्मे किंवा त्याहून अधिक मालकाच्या घरी जायचे. शिवाय मालकाच्या घरची वेठ असेच. मालक कुळाकडून कबुलायत लिहून घेई. कुळाला अक्षर वाचता येत नसे. तो मुकाट्याने अंगठा उठवी. कागद जाई मालकाच्या पेटीत. कुळाच्या हाती काहीच उरत नसे. उद्या मालक म्हणाला, 'जमीन सोड,' तर आपण इतकी वर्षे ती कसली हे सांगायला पुरावा कुठला?

या जाचाला कंटाळून १९३३ साली चरी गावी शेतकऱ्यांची सभा भरली आणि संप ठरला. नारायण नागू पाटील हे त्या संपाचे पुढारी. आसपासच्या पंचवीस गावांतील कुळांनी ठरविले की मालकाची जमीन कसायची नाही. शेतकऱ्याने नांगर खाली ठेवणे म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय देणे! पण हा संप एक-दोन महिने नव्हे, १९३९ पर्यंत चालला. आजी तेव्हा परकरी पोर होती. ती सांगे, "आम्ही डोंगरावरून लाकडाच्या मोळ्या आणायचो नि पोयनाडच्या बाजारात विकायचो. खाडीत जे गावेल ते कालवणाला. भात दिसायचे ते सणाला." पुढाऱ्यांची नावे पुस्तकात येतात, आणि ती यावीतच. पण सहा वर्षे चूल कशी पेटती ठेवली, हे त्या घरांतल्या बायकांनाच ठाऊक.

१९३४ च्या डिसेंबरात चरीला शेतकरी परिषद भरली, तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. पुढे सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती बंद करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले, आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेले. १९३९ साली मुंबई प्रांतात कूळ कायदा झाला. स्वराज्य आल्यावर १९४८ चा मोठा कूळ कायदा आला, १९४९ साली खोती रद्द करण्याचा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्यात आले.

पण भगिनींनो, कायदा झाला म्हणून जमीन आपोआप घरी चालत आली नाही. चौकशीच्या वेळी कूळ असल्याचा पुरावा दाखवावा लागे. १९४८ च्या कायद्याने खंडाची पावती देणे मालकावर बंधनकारक केले होते. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. पण खंड घातला की पावती घेतल्यावाचून ती खळ्यावरून हलत नसे. त्या पावत्या तिने पत्र्याच्या डब्यात घालून भाताच्या कणगीत ठेवल्या होत्या. चौकशीच्या दिवशी आजोबा तो डबाच घेऊन कचेरीत गेले. त्या डब्यामुळे आमचे शेत आमच्या नावावर झाले.

आता माझी गोष्ट सांगते, आणि सांगताना लाज वाटते. लग्नानंतर आम्ही गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मालक ओळखीचे, वयाने मोठे. दहा हजार रुपये डिपॉझिट रोख दिले. त्यांच्याकडे कागद मागायचा संकोच वाटला. दर महिन्याचे भाडेही हातात दिले. चार वर्षांनी खोल्या सोडल्या तेव्हा ते म्हणाले, "कसले डिपॉझिट?" आम्हाला उत्तर देता आले नाही. निरक्षर आजीने जे केले, ते सातवी शिकलेल्या नातीने केले नव्हते!

त्यानंतर मी चौकशी करून जे समजून घेतले ते येथे देते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याप्रमाणे घर भाड्याने देण्याचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणीही हवी. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?' असे पुष्कळजण म्हणतात, ते खरे नव्हे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर मालकाला शिक्षा होऊ शकते. आणि वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. भाडे घेतले की भाडेकरूला पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. घर सोडावे म्हणून भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडणे हेही कायद्याला धरून नाही.

म्हणून घर घेताना करारात डिपॉझिटची रक्कम आणि ती परत करण्याची मुदत लिहून घ्यावी. पैसे शक्यतो बँकेतून द्यावे, म्हणजे त्याची नोंद राहते. करारावर यजमानांबरोबर स्वतःचेही नाव घालावे. आणि आपल्यापैकी ज्या घरमालकीण आहेत, त्यांनी न मागता पावती द्यावी. तिने मालकाचेही रक्षण होते. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. हिशेब चोख असला की शेजारधर्म टिकतो.

आजीचा तो पत्र्याचा डबा मी माहेराहून मागून आणला आहे. आमच्या आजच्या घराचा करार आणि भाड्याच्या पावत्या आता त्यात असतात. ज्या भगिनीला करार वाचून घ्यायचा असेल तिने मंडळाच्या दिवशी तो घेऊन यावा, आपण सर्वजणी मिळून वाचू.