एकत्र कुटुंब आणि मोटारीचा विमा

आपल्याकडे घरांत मोटार आली म्हणजे ती एकट्या मालकाची राहत नाहीं. नोंदणींत नांव थोरल्या भावाचें असलें, तरी धाकटा भाऊ तीच घेऊन कचेरीला जातो, मेहुणा लग्नसराईंत दोन दिवस मागून नेतो, आणि भाच्याला परवाना मिळाला कीं त्याची पहिली फेरी मामाच्याच गाडींतून होते. यांत कोणाला कांहीं वावगें वाटत नाहीं, आणि वाटूं नये हेंहि खरेंच. परंतु या सर्वांची एक ठाम समजूत असते. गाडीचा विमा उतरलेला आहे, त्या अर्थीं घरांतल्या सर्वांचा तो उतरलेला आहे, असें ते धरून चालतात. ही समजूत कोठून आली, ती कितपत खरी आहे, आणि विम्याच्या कायद्याचा इतिहास तिच्याविषयीं काय सांगतो, हें आज पाहावयाचें आहे.

समजुतीचें मूळ जुनें आहे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेनें एकत्र कुटुंबाचें जें रूप सांगितलें, त्यांत मिळकत सर्वांची, कर्ता एक, आणि कुटुंबाच्या गरजेसाठीं कर्त्यानें काढलेलें ऋण सर्वांवर. आपल्या या साष्टी भागांत, म्हणजे उत्तर कोंकणांत, नीलकंठाच्या व्यवहारमयूखालाहि मोठें प्रामाण्य होतें. पण एकत्रपणाची कल्पना तेथेंहि हीच. कायदे पुढें पुष्कळ बदलले, तरी मनें तितक्या वेगानें बदलत नाहींत. अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या चार खोल्यांत राहणारें घर अजून मनानें एका चुलीचें असतें. विमा मात्र करार आहे. तो दोघांत होतो : एक विमा उतरविणारी कंपनी आणि दुसरा, ज्याचें नांव कागदावर आहे तो. कराराला गोत्र नसतें.

मोटार या देशांत आली तेव्हां विम्याची सक्तीच नव्हती. १९१४ च्या हिंदी मोटार कायद्यानें नोंदणी, परवाना, वेग यांची व्यवस्था लावली. चाकाखालीं सांपडलेल्या माणसाचे पैसे कोणाकडून निघावयाचे, याची काळजी त्यानें केली नाहीं. तसें पाहिलें तर मुंबईंत साधनें होतीं. १९१९ सालीं सर दोराबजी टाटा यांनीं न्यू इंडिया ही विमा कंपनी येथेंच काढली, आणि मोटारवाल्यांची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही संस्थाहि त्याच वर्षाची. पण त्या वेळीं विमा ही श्रीमंतानें आपल्या गाडीच्या काळजीपोटीं करावयाची गोष्ट होती. रस्त्यावरच्या माणसाशीं तिचा संबंध कोणी लावीत नसे.

उपनगरांत तर मोटार हीच नवलाई होती. अंधेरी-घाटकोपरचा मुंबई महापालिकेंत समावेश १९५० सालीं झाला, बोरिवली-मुलुंडचा १९५७ सालीं; तोंपर्यंत हीं गांवें आगगाडीच्या वेळापत्रकावर जगत होतीं. पुढें वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या, पण मागणी पुष्कळ आणि पुरवठा थोडा. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. ज्याच्या नांवाचा नंबर लागला, त्याच्या नांवावर गाडी. पैसे मात्र दोघां-तिघां भावांनीं मिळून घातलेले. सामाईक गाडी आणि एकाचेंच नांव, ही जी आपल्या मध्यमवर्गाची रीत पडली, तिचें एक कारण मला या वाट पाहण्यांत दिसतें.

सक्तीचा विचार विलायतेंत आधीं पक्का झाला. तेथें अडचण अशी येई कीं, जखमी माणूस कोर्टांत जिंके आणि मालकाजवळ देण्यास कांहीं नसे. हुकूमनामा हातांत, आणि पोट रिकामें. म्हणून १९३० च्या इंग्रजी कायद्यानें त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा त्याच वळणावर गेला, आणि त्यांतील विम्याचें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलांत आलें. त्रयस्थ हा शब्द येथें नीट लक्षांत घ्यावा. कंपनी पहिली, विमेदार दुसरा, आणि ज्याचा या कराराशीं संबंध नाहीं तो तिसरा. कायद्यानें सक्तीनें संरक्षण दिलें तें या तिसऱ्याला. भाडें देऊन बसणारा उतारू त्यांत धरला होता. भाडें न देतां बसणारा, म्हणजे आपला सोयरा, शेजारी, पाहुणा, हा मात्र त्या सक्तीच्या बाहेर राहिला. ज्यांना आपण अगदीं जवळचे म्हणून फुकट बसवितों तेच कायद्याच्या छत्राबाहेर, हा विचित्र प्रकार पुष्कळ वर्षें चालला.

त्याचा कस एका खटल्यांत लागला. १८ डिसेंबर १९६० रोजीं नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाणारी एक मोटार झाडावर आदळली व आंत बसलेले एक गृहस्थ मृत्यु पावले. गाडी एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीची होती, ती कंपनीचा व्यवस्थापक हांकीत होता, आणि हे गृहस्थ भाडें न देतां बसले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. निकाल लागला तो १९७७ सालीं. गाडीची मालक असलेली कंपनी जबाबदार ठरली. पण विमा कंपनीचा भाग न्यायालयानें पंधरा हजार रुपयांपुरता धरला, कारण पॉलिसींत उतारूंसाठीं तेवढीच रक्कम मान्य केलेली होती. त्यापलीकडे सक्ति करण्यास कायद्यांत आधार नव्हता. विधवेनें सोळा वर्षांहून अधिक काळ दाद मागावी आणि उत्तर पॉलिसीच्या एका कलमांत सांपडावें, हें वाचून माझ्यासारख्या शाळामास्तराचें मन कांहीं वेळ पुस्तकांत रमलें नाहीं.

त्याच १९७७ सालापासून विमा व्यवसायाच्या दर ठरविणाऱ्या समितीनें सर्वसमावेशक पॉलिसीच्या नमुन्यांत खासगी मोटारींत फुकट बसणाऱ्यांचाहि समावेश केला. पण कायद्यापुरतीच पॉलिसी घेणाऱ्याची स्थिति पूर्वीचीच राहिली. दुचाकीच्या मागें बसलेल्या माणसाविषयीं २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हाच भेद केला. आणि २००९ सालीं विमा नियामक मंडळाला परिपत्रक काढून कंपन्यांना पुन्हां बजवावें लागलें कीं, सर्वसमावेशक पॉलिसींत गाडींतलीं माणसें येतात. तेव्हां हप्ता वांचवावा म्हणून जो गृहस्थ कायद्यापुरता विमा घेतो आणि रविवारीं सारें कुटुंब घेऊन घोडबंदरकडे निघतो, त्यानें आपलीच माणसें बाहेर ठेवलेलीं असतात. रस्त्यावरचा अनोळखी मात्र आंत असतो.

आतां हांकणाऱ्याकडे वळूं. या बाबतींत आपली पॉलिसी उदार आहे. मालकाच्या अनुमतीनें गाडी चालविणारा कोणीहि, योग्य परवाना असल्यास, त्यांत बसतो; त्याचें नांव आगाऊ लिहावें लागत नाहीं. म्हणून आपल्याकडे नातलगांना पॉलिसींत घालण्याचा प्रश्नच नाहीं, असें लोक म्हणतात. तें अर्धें खरें आहे.

समजा, घाटकोपरच्या एका घरांत गाडी वडिलांची आहे आणि चालवितो मुलगा. मुलाकडून गाडी भिंतीला घांसली, तर दुरुस्तीचा खर्च कंपनी देईल. परंतु दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट जाते ती वडिलांची. ही सूट पहिल्या वर्षानंतर वीस टक्के, आणि सलग पांच वर्षांनीं पन्नास टक्क्यांपर्यंत चढते; ती गाडीला नसून माणसाला असते. पांच वर्षें सावधपणें गाडी चालवून म्हाताऱ्यानें जमविलेली पुंजी पोरानें एका दुपारीं संपविली, असा त्याचा अर्थ.

याहून मोठी गोष्ट हांकणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाची. मुलगा त्रयस्थ नव्हे, आणि कागदावरचा मालकहि नव्हे. मालकानें स्वतः गाडी चालवितांना मृत्यु आल्यास जो वैयक्तिक अपघाताचा विमा असतो, त्याची रक्कम २०१८ सालीं पंधरा लाखांवर नेण्यांत आली. पण तो परवाना असलेल्या नोंदणीकृत मालकापुरताच. भावाला, मेव्हण्याला, सुनेला तो लागू नाहीं. २००९ सालीं कर्नाटकांतील एका प्रकरणांत, मालकाकडून मागून घेतलेली मोटारसायकल चालवितांना मेलेल्या माणसाच्या वारसांना सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, उसनी गाडी घेणारा मालकाच्याच जागीं येतो, म्हणून स्वतःच्या मृत्यूबद्दल ठराविक भरपाईच्या त्या कलमाखालीं तो त्रयस्थाचा हक्क मागूं शकत नाहीं. नात्यानें गाडी दिली, नात्यानें घेतली, आणि कायद्यानें घेणाऱ्याला मालक करून ठेवलें, पण मालकाचा विमा मात्र दिला नाहीं. थोडा अधिक हप्ता भरून उतारूंचा व इतर चालकांचा अपघात विमा जोडतां येतो. तो जोडणारीं घरें माझ्या पाहण्यांत फार थोडीं आहेत.

परवान्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते आणि तरीहि ती विसरली जाते. २००४ च्या एका प्रसिद्ध निकालापासून न्यायालयाचें धोरण असें आहे कीं, परवाना नसला किंवा खोटा निघाला, तरी जखमी त्रयस्थाला कंपनीनें आधीं पैसे द्यावे; पण मालकानें जाणूनबुजून शर्त मोडल्याचें सिद्ध झालें, तर ते त्याच्याकडून वसूल करावे. म्हणजे परवाना नसलेल्या पुतण्याला चावी देणाऱ्या काकानें विमा असूनहि विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणलेली असते. मुलगा अल्पवयीन असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनें पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे.

परदेशीं गेलेल्या आपल्या मंडळींना याच्या उलट रीत भेटते. इंग्लंडांत बहुधा पॉलिसींत प्रत्येक चालकाचें नांव लिहावें लागतें, आणि तरुणाचा हप्ता जबर असतो. म्हणून गाडी मुलगा वापरतो, पण मुख्य चालक म्हणून आईचें किंवा बापाचें नांव घातलें जातें. आपल्या दृष्टीनें ही घरांतली सोय. तेथील विमा कंपन्या तिला फसवणूक समजतात, आणि दाव्याच्या वेळीं ती उघडकीस आली, तर गाडीचे पैसे बुडतातच, शिवाय पुढें विमा मिळणेंहि कठीण जातें. अमेरिकेंतहि घरांत राहणारे चालक सांगावे लागतात, आणि एकाच्या अपघातानें सर्वांचा सामाईक हप्ता चढूं शकतो.

आपल्याकडे २०२२ सालीं नियामक मंडळानें एक नवी सवलत दिली : एकाच व्यक्तीच्या मालकीचीं अनेक वाहनें एका पॉलिसीखालीं आणतां येतील. एकाच व्यक्तीच्या, कुटुंबाच्या नव्हे. या सवलतीच्या लोभानें बापलेकांच्या गाड्या एकाच्या नांवावर कराव्या, असा मोह होणें साहजिक आहे. त्याला माझें उत्तर २०१८ च्या एका निकालांत आहे. त्या खटल्यांत गाडी हातोहात चौघांकडे गेली होती, पण नोंदणी बदलली नव्हती. सर्वोच्च न्यायालयानें जबाबदारी ठेविली ती नोंदणींत ज्याचें नांव होतें त्याच्यावर. गाडी खरोखर कोण वापरतो, हें कोणीं ऐकून घेतलें नाहीं. ज्याच्या नांवावर तीन गाड्या, त्याच्या शिरावर तीन चालकांचे अपराध.

आणि तो नांवाचा धनी निवर्तला तर? मालक वारल्यापासून तीस दिवसांच्या आंत नोंदणी कचेरीला कळवावें. मग वारसाला तीन महिने गाडी वापरतां येते, आणि तेवढ्या मुदतींत ती आपल्या नांवावर करून घेण्याचा अर्ज करावा लागतो. दावा न केल्याची सूट एरवीं दुसऱ्याला देतां येत नाहीं, पण पति किंवा पत्नी, मुलें अथवा आईबाप यांना ती या प्रसंगीं मिळूं शकते. अंधेरीची कचेरी असो वा बोरिवलीची, तेराव्याच्या गडबडींत ही तीस दिवसांची मुदत बहुतेक घरांत निघून गेलेली असते, आणि गाडी मात्र तोंवर रोज रस्त्यावर फिरत असते.