उलट्या गणतीची जन्मकथा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१४ जुलै २०२३ ची दुपार आपल्याला आठवत असेल. आमच्या भोर तालुक्यात ते भातलावणीचे दिवस. कामथडीसारख्या गावात त्या वेळी निम्मे गाव शेतात असते. पण त्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला जिथे टीव्ही होता, ज्याच्या खिशात मोबाईल होता, तिथे लोकांचे कान श्रीहरिकोट्याकडे लागले होते. चंद्रयान-३ निघायचे होते. दहा, नऊ, आठ अशी उलटी गणती सुरू झाली, शून्य आले आणि धुराच्या लोटातून यान वर गेले.

ही उलटी गणती एखाद्या शास्त्रज्ञाने ठरवली असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात रॉकेटच्या उड्डाणाआधीची अशी गणती लोकांपुढे ठळकपणे आली ती एका चित्रपटातून, आणि तोही मूकपट! त्या चित्रपटाचे नाव ‘फ्राउ इम मोंड’, म्हणजे ‘चंद्रावरची स्त्री’. १५ ऑक्टोबर १९२९ रोजी बर्लिनमध्ये तो प्रथम दाखवला गेला. ज्या बाईंनी त्याची कथा लिहिली, त्यांनी पुढे एका मराठी तरुणाशी लग्न केले. हा तरुण बेळगावजवळच्या बेळगुंदीचा. कामथडीजवळून जाणारा महामार्ग धरला की सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी करत आपण बेळगावला पोहोचतो. त्या अर्थाने ही गोष्ट आपल्या वाटेवरचीच आहे.

१९२९ चा काळ डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे त्याच वर्षी १ जून रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेली मंडळी स्वतःच्या हिमतीवर मूकपट काढू लागली होती. बोलपट यायला आणखी दोन वर्षे होती. तिकडे जर्मनीत बर्लिनजवळ ‘उफा’ कंपनीचा प्रचंड स्टुडिओ होता. दिग्दर्शक फ्रिट्झ लँग आणि त्यांच्या पत्नी, लेखिका थेआ फॉन हार्बू यांच्या ‘मेट्रोपोलिस’ने १९२७ साली भविष्यातले महानगर पडद्यावर उभे केले होते. आता या जोडप्याने चंद्र मनावर घेतला. हार्बू यांनी १९२८ साली कादंबरी लिहिली आणि तिच्यावरून पटकथा केली.

चंद्रावरच्या सफरीचे सिनेमे त्याआधीही निघाले होते. पण ते जादूच्या खेळासारखे असत. तोफेच्या गोळ्यात बसायचे आणि चंद्राच्या डोळ्यात जाऊन रुतायचे! लँग यांना तसे नको होते. माणूस खरोखर चंद्रावर गेला तर कसा जाईल, हे दाखवायचे होते. मग त्यांनी तज्ज्ञाचा शोध घेतला आणि हर्मन ओबर्थ यांना बोलावले.

ओबर्थ हे ट्रान्सिल्व्हानियातले शाळामास्तर. रॉकेटने पृथ्वीचे आकर्षण भेदून बाहेर जाता येईल, हे त्यांनी गणिताने मांडले होते. विद्यापीठाने तो प्रबंध नाकारला, तेव्हा १९२३ साली त्यांनी त्याचे पुस्तक काढले. ते वाचून अनेक जर्मन तरुणांना आकाशाचे वेड लागले. त्यांच्यापैकी विली लाय हे लेखकही चित्रपटाला सल्ला देऊ लागले. ऑक्टोबर १९२८ ते जून १९२९ असे चित्रण चालले.

आज हा चित्रपट पाहताना अंगावर काटा येतो तो यामुळे, की चाळीस वर्षांनी अमेरिकेने जे केले त्यातले कितीतरी इथे आधीच दिसते. यान एका उंच इमारतीत उभे जोडले जाते आणि रुळांवरून हळूहळू उड्डाणाच्या जागी नेले जाते. त्याला टप्पे आहेत. एका टप्प्याचे इंधन संपले की तो गळून पडतो आणि पुढचा पेटतो. उड्डाणाच्या वेळी शरीरावर प्रचंड दाब येतो म्हणून प्रवासी बिछान्यांवर आडवे होतात. पुढे वजन हरपते, तेव्हा पाय अडकवायला जमिनीवर पट्टे आहेत आणि बाटलीतले पेय थेंबांचे गोळे होऊन हवेत तरंगते. हे सारे ओबर्थ यांच्या गणितातून आले होते.

अर्थात सगळेच शास्त्रशुद्ध नव्हते. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला हवा आहे, असे गृहीत धरले होते. तसे केले नसते तर नट-नटींना सगळा वेळ पाणबुड्यासारखा पोशाख घालून हिंडावे लागले असते आणि चेहरेच दिसले नसते! चंद्रावर सोनेही दाखवले. चंद्राची जमीन करण्यासाठी बाल्टिक समुद्राच्या काठची वाळू स्टुडिओत आणून पसरली होती.

आणि गणती? लँग यांनी पुढे तिचे कारण सांगितले होते. एक, दोन, तीन असे मोजत गेलो तर यान कधी उडणार हे प्रेक्षकाला कळणार कसे? उलटे मोजत शून्याकडे आलो, तर कोणालाही कळेल. मूकपट असल्यामुळे आवाज नव्हता, म्हणून पडद्यावर अक्षरांच्या पाट्या आल्या. आकडे उतरत जातात आणि शेवटी ‘आता!’. प्रेक्षकाचा श्वास रोखून धरण्याची ही एक युक्ती होती. पुढे खऱ्या रॉकेटवाल्यांना तीच सोयीची वाटली. कोणते काम कोणत्या क्षणी करायचे याचे वेळापत्रक शून्यापासून मागे मोजत बसवता येते.

प्रसिद्धीसाठी आणखी एक धाडस ठरले. पहिल्या खेळाच्या वेळी ओबर्थ यांनी खरेखुरे रॉकेट आकाशात सोडायचे! कंपनीने पैसे दिले, वर्तमानपत्रांनी गाजावाजा केला. पण ओबर्थ गणिती होते, त्यांना कारखान्याचा अनुभव नव्हता. द्रवरूप इंधनाचे प्रयोग करताना स्फोट झाला आणि त्यांच्या डोळ्याला इजा झाली. रॉकेट उडाले नाही. हिरमुसलेले ओबर्थ घरी परतले. पण पुढच्याच वर्षी त्यांच्या इंजिनाच्या चाचणीत मदत करायला एक कोवळा विद्यार्थी आला होता. त्याचे नाव वर्नर फॉन ब्राउन.

इथून गोष्टीला दुसरे वळण लागते. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. फॉन ब्राउन लष्करासाठी रॉकेट बनवू लागले. लँग सांगत की, चित्रपटातले यान खऱ्या गुपिताच्या फार जवळचे आहे म्हणून नाझी सरकारने चित्रपट मागे घेतला आणि यानाचे नमुने जप्त केले. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंडे येथून व्ही-२ रॉकेट प्रथम यशस्वीपणे उडाले. त्याच्या तळाशी चंद्रकोरीवर बसलेल्या स्त्रीचे चित्र रंगवलेले होते. तंत्रज्ञांना आपला लाडका चित्रपट आठवत होता. चित्रपटातल्या यानाचे नाव होते ‘फ्रीडे’, म्हणजे शांती. आणि या रॉकेटने सप्टेंबर १९४४ पासून लंडन आणि अँटवर्पमधली माणसे मारली. ती रॉकेटे बांधताना छळछावणीतले हजारो कैदी मेले.

आता पटकथा लिहिणाऱ्या बाईंकडे येऊ. लँग आणि हार्बू यांचा संसार याच चित्रपटाच्या काळात विसकटू लागला होता. १९३३ साली घटस्फोट झाला. लँग यांच्या आईचा जन्म ज्यू कुटुंबातला, ते देश सोडून गेले. हार्बू मात्र राहिल्या. त्यांच्या आयुष्यात आले होते अयी गणपत तेंडुलकर. शिक्षणासाठी युरोपात गेलेला, बर्लिनमध्ये पत्रकारिता करणारा, त्यांच्याहून वयाने बराच लहान तरुण. हार्बू यांनी भारत न पाहताच भारतावर कादंबरी लिहिली होती. आता भारत त्यांच्या घरी आला. दोघांनी गुपचूप लग्न केले, कारण नाझी राजवटीत असे लग्न उघड करणे धोक्याचे होते. बर्लिनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांना त्यांच्या घराचा आधार असे.

महायुद्धाच्या तोंडावर तेंडुलकर मायदेशी परतले. हार्बू मागे राहिल्या. तेंडुलकरांनी बेळगावात वृत्तपत्र काढले, इंग्रजांच्या तुरुंगात वर्षे काढली. १९४५ साली गांधीजींच्या आशीर्वादाने इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर-धौल यांनी या तिघांची कहाणी पुस्तकरूपाने लिहिली आहे, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली.

बेळगुंदीची जर्मन सून म्हणून आपण थेआ फॉन हार्बू यांचे कौतुक करावे काय? मोह होतो. पण त्या नाझी पक्षाच्या सभासद होत्या आणि त्या राजवटीत चित्रपटांसाठी लिहीत राहिल्या, हेही खरे आहे. भारतीयांना मदत करता यावी म्हणून पक्षात गेले, असे त्यांनी नंतर सांगितले. भारतीयांना त्यांनी मदत केली, यात शंका नाही. पण शेजारच्या घरातली ज्यू माणसे नाहीशी होत असताना त्यांची लेखणी त्याच सरकारच्या चित्रसृष्टीत चालत होती. एक गोष्ट दुसरीने पुसली जात नाही. मला वाटते, दोन्ही शेजारी शेजारी ठेवूनच त्यांची आठवण काढली पाहिजे. युद्धानंतर काही महिने त्या इंग्रजांच्या छावणीत होत्या. सुटल्यावर बर्लिनमध्ये पडक्या इमारतींचे विटा-दगड उचलण्याचे कामही त्यांनी केले. १९५४ साली आपल्याच एका जुन्या चित्रपटाच्या खेळाहून निघताना त्या पडल्या आणि काही दिवसांत, १ जुलै रोजी, वारल्या.

पंधरा वर्षांनी, जुलै १९६९ मध्ये, माणूस चंद्रावर निघाला. ते रॉकेट फॉन ब्राउन यांच्या देखरेखीखाली बनले होते आणि ते उडताना पाहायला म्हातारे ओबर्थ हजर होते. त्यांच्या कानांवर तीच गणती पडली असणार. माणसे मारणाऱ्या रॉकेटचेच ते थोरले भावंड होते, आणि तरीही ते शांतपणे चंद्राकडे गेले.

चित्रपटाच्या शेवटी प्राणवायू कमी पडतो. सगळ्यांना परतता येणार नाही, कोणीतरी मागे राहायचे असते. नायक दोघांना गुंगीचे औषध देऊन आपण एकटाच राहायचे ठरवतो. यान निघून जाते आणि वळून पाहतो तो नायिका चंद्राच्या वाळूत उभी असते. तिने औषध घेतलेलेच नसते. ज्या बाईंनी हा प्रसंग लिहिला, त्यांचा माणूस दहा वर्षांनी बोटीने निघून गेला आणि त्या एका जळणाऱ्या शहरात मागे राहिल्या.

पुढच्या वेळी श्रीहरिकोट्याची गणती कामथडीच्या बांधावर ऐकू येईल, तेव्हा लेकरांना ही गोष्ट जरूर सांगा. चंद्रावरच्या स्त्रीची सांगा, आणि त्या व्ही-२ रॉकेटचीही.