वाण्याची वही आणि ट्रॉली

आपली सोसायटी २००० साली उभी राहिली तेव्हा गेटसमोर चिखल होता आणि चिखलापलीकडे वाण्याचं एकच दुकान. पाण्याच्या टाकीचा आणि लिफ्टचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिला असेलच, मी आपला पिशवीचा लिहितो.

मोठं दुकान म्हणजे आमच्या घरी 'अपना बाजार'. १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत सुरू झालेली ग्राहकांची सहकारी संस्था. वडील सभासद होते, त्यामुळे ते दुकानाला 'आपलं' म्हणत आणि तांदळात खडे निघाले तर तक्रारही हक्काने करत. पुढे १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिच्या स्थापनेत संगीतकार सुधीर फडके यांचाही पुढाकार होता. शेजारच्या घरांचा संघ करायचा, महिन्याची यादी द्यायची आणि आलेला माल एकाच्या घरी उतरवून वाटून घ्यायचा. आमच्या संघाचा माल आला की आई पदर खोचून मोजदादीला बसायची. आम्हा मुलांना त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नसे.

मग दुकानं मोठी झाली आणि 'आपली' राहिली नाहीत. १९९९मध्ये हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स मॉल उघडला, तेव्हा सुरुवातीला मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्यांना प्रवेशासाठी ६० रुपये मोजावे लागत. आपल्या सोसायटीचा एक शेअर ५० रुपयांचा! २००२ साली पवईत पहिलं डी-मार्ट आलं आणि मध्यमवर्गाचा महिन्याचा किराणा हळूहळू ट्रॉलीत गेला.

स्वस्त मिळतं, हे खोटं नाही. ही मंडळी बऱ्याच ठिकाणी जागा स्वतःची घेतात, भाड्याची कटकट नाही. पुरवठादाराचे पैसे लवकर देतात, म्हणून त्यांना भाव कमी पडतो. पाकीट हातात घेऊन तारीख वाचता येते. वाण्याकडे तूरडाळ उलटसुलट करून बघायची आमची कुठली हिंमत! तरी माझं मन तिथे रमत नाही. डाळ आणायला जातो आणि प्लॅस्टिकचे तीन डबे घेऊन येतो. सौ. म्हणते, "तुम्ही फक्त ट्रॉली ढकला." तेवढं करतो.

मार्च २०२०मध्ये मात्र त्या दुकानांपुढे चुन्याचे गोल आखून रांगा लागल्या. आपलं गेट बंद होतं. तेव्हा आमचे शेठ फ्लॅट नंबर लिहिलेल्या पिशव्या वॉचमनच्या केबिनपाशी ठेवून जायचे. पैसे वहीत. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी तेव्हा चूल त्या वहीवर पेटली. सगळं सुरळीत झालं आणि आम्ही पुन्हा ट्रॉलीकडे वळलो. मीसुद्धा.

गेल्या वर्षी शेठनी दुकान बंद केलं. जाण्याआधी वही घेऊन प्रत्येक मजल्यावर आले. माझ्या नावावर ३४० रुपये निघाले, शेवटची नोंद ऑगस्ट २०२०ची. चार वर्षांत त्यांनी कधी आठवण केली नव्हती. आणि मी रोज त्याच दुकानावरून जात होतो.

मी पैसे दिले. त्यांनी नावावर आडवी रेघ मारली, चहा नको म्हणाले आणि वरच्या मजल्यावर गेले.