गाण्यातला अँथनी आणि वहीतला

शिरूर-दौंड पट्ट्यात लग्नसराई सुरू झाली की वरातीतला बँड हमखास एक गाणे वाजवतो: 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस'. नाचणाऱ्यांना ते नाव 'अमर अकबर अँथनी'मधल्या (१९७७) अमिताभचे वाटते. मलाही कितीतरी वर्षे तसेच वाटत होते. प्रत्यक्षात ते एका व्हायोलिनवादकाचे नाव आहे. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते आणि गाण्यातले नाव ही त्या शिष्याने वाहिलेली गुरुदक्षिणा होय.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली गोव्यातील माजोर्डा येथे झाला. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत असत. त्या शिदोरीवर अनेक गोवेकर तरुण मुंबईच्या चित्रपटसृष्टीत शिरले, गोन्साल्विस त्यांपैकीच. संगीतकार चाल बांधी. ती कागदावर उतरवून वाद्यावाद्यांत वाटून देणे हे 'अरेंजर'चे काम. श्रेयनामावलीत त्याचे नाव बहुधा नसेच.

परंतु गोन्साल्विस यांना वेगळेच काही खुणावत होते. चित्रपटाच्या दोन ओळींमधली जागा भरण्याऐवजी रागावर आधारलेली स्वतंत्र रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहावी, ही त्यांची आकांक्षा होती. 'सोनातिना इंडियाना', सारंग रागातला कॉन्चेर्टो, तोडी थाटातला व्हायोलिन कॉन्चेर्टो ही त्यांची काही रचनांची नावे. या खटाटोपातली अडचण जाणून घेण्यासारखी आहे. पाश्चात्त्य संगीताचा डोलारा पंचमावर उभारलेल्या स्वरसंहतीवर तोललेला असतो. त्या संहतीला शुद्ध रिषभ लागतो. तोडीत तर रिषभ कोमल! शुद्ध घ्यावा तर राग मोडतो, कोमल ठेवावा तर संहती लंगडते. शिवाय मींड आणि आंदोलन ठिपक्यांच्या लिपीत पुरते मावत नाहीत. तोडी हाती घेणाऱ्याने ही गाठ मुद्दाम स्वीकारलेली असते, आणि म्हणूनच मला हे काम निव्वळ 'फ्यूजन' म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे वाटते.

१९५८ साली त्यांनी 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पण मैफल गायकाच्या बळावर उभी राहू शकते, वाद्यवृंदाला मात्र माणसे, तालमी आणि पैसा सतत लागतो. चित्रपटांनी वादक पोसले. या संगीताला पोसणारे कुणी नव्हते. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. पुढे परतले ते मुंबईच्या स्टुडिओंत नव्हे, माजोर्ड्याला.

त्यांच्या जाण्यानंतर बारा वर्षांनी ते गाणे आले. पडद्यावरचा अँथनी ईस्टरच्या प्रचंड अंड्यातून बाहेर पडतो आणि न कळणारे इंग्रजी फेकतो. शिष्याचा आदर खराच होता. तरी लोकांच्या लक्षात राहिले ते अंडे.

१८ जानेवारी २०१२ रोजी गोव्यात त्यांचे निधन झाले. त्याही दिवशी त्यांची ओळख करून द्यायला ते गाणेच घ्यावे लागले, तोडीतला कॉन्चेर्टो नव्हे.